खर्र्याची पन्नी आणि पंचवीस हजार व्होल्ट

इंग्लंडच्या दक्षिण भागात विजेच्या गाडीखालून धूर काढायला कचऱ्याला फारसे कष्ट पडत नाहीत. तिकडच्या बऱ्याच मार्गांवर वीज डोक्यावरच्या तारेतून येत नाही. नेहमीच्या दोन रुळांशेजारी, जेमतेम घोट्याच्या उंचीवर, तिसरा रूळ टाकलेला असतो आणि त्यातून साडेसातशे व्होल्ट वाहत असतात. वेफर्सचं चकचकीत पाकीट वाऱ्यानं उडत आलं आणि नको त्या दोन जागांना एकाच वेळी टेकलं, की चर्र होतं, ठिणग्या उडतात आणि साहेबलोक ऑफिसात उशिरा पोचतात. लंडनच्या भुयारी रेल्वेत तर प्रवाशांचे गळालेले केस, कपड्यांची लव आणि कागदाचे कपटे पेटू नयेत म्हणून रात्री गाड्या थांबल्यावर बोगद्यात उतरून झाडलोट करणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या नेमलेली आहेत. त्याच देशात शरद ऋतूत झाडांची पानं रुळांवर चेंदली जाऊन चाकं घसरतात आणि गाड्या लेट होतात. आमच्याकडे पान पडल्यानं गाडी अडत नाही. पान खाल्लेल्या माणसानं साखळी ओढली तर अडते.

आमच्याकडे म्हणजे भंडारा जिल्ह्यात. मुंबई-हावडा मार्गाचा नागपूर ते गोंदिया हा तुकडा आमच्या जिल्ह्यातून जातो. इथली वीज रुळांपासून साधारण साडेपाच मीटर उंच तारेत असते आणि ती पंचवीस हजार व्होल्टची. कचरा खाली, वीज वर. दोघांची गाठ पडू नये याची पूर्ण काळजी घेऊनच ही रचना केलेली आहे. इंग्लंडातल्या कचऱ्याला वीज घरपोच मिळते. इथल्या कचऱ्याला स्वतःच्या कर्तृत्वावर पेटावं लागतं. आणि सांगायला अभिमान वाटतो, तो पेटतो.

हे कर्तृत्व मुख्यतः खर्र्याच्या पन्नीचं. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडं सविस्तर सांगायला हवं. भरडलेली सुपारी, तंबाखू आणि चुना एका पन्नीत, म्हणजे पातळ प्लास्टिकमध्ये, घालायचा आणि पानठेल्यावरच्या पाटावर तळहातानं घोट घोट घोटायचा, की खर्रा तयार होतो. अलीकडे घोटायला विजेवरची मशीनही आली आहे. मागच्या पिढीतले लोक त्या मशीनच्या खर्र्याला नाकं मुरडतात. हाताची चव येत नाही म्हणतात. घोटलेला माल त्याच पन्नीत बांधून मिळतो. तो दिवसभर चिमटीचिमटीनं खायचा आणि संपला की पन्नी सोडून द्यायची. कुठे, हा प्रश्न आमच्याकडे कोणी विचारत नाही.

या व्यवहाराच्या आड आजवर बरेच कायदे आले. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली ती २०१२ मध्ये. प्लास्टिकवर आली ती २०१८ मध्ये. मग केंद्र सरकारनं सांगितलं, की प्लास्टिकच्या पिशवीची जाडी आधी ७५ मायक्रॉन करा आणि २०२२ संपता संपता १२० करा. खर्रेवाल्याचं म्हणणं, एकशेवीस तर आम्ही पहिल्यापासूनच देतो. तो तंबाखूच्या नंबराबद्दल बोलत असतो, पण नियम पाळल्याचं समाधान दोन्ही बाजूंना मिळतं.

आता ही पन्नी खिडकीतून बाहेर पडली, की तिचं आयुष्य संपलं असं आपल्याला वाटतं. खरं तर तिची नोकरी तिथून सुरू होते. ती रुळांमधल्या खडीवर पडून राहते. वजन जवळपास शून्य. गाडी वेगात आली, की डब्याखाली हवेची जी ओढ तयार होते, त्यात ती उचलली जाते आणि आसाला, नळीला, ब्रेकच्या सांध्याला जाऊन बिलगते. त्यातही ब्रेक नीट सुटलेला नसेल, म्हणजे चालकानं सोडला पण ब्रेकचा ठोकळा चाकाला घासतच राहिला असेल, तर पन्नीचं नशीब उघडतं. पॉलिथीन शंभर ते एकशेतीस अंशांच्या दरम्यान वितळतं. घासणारा ब्रेक त्याच्या पुष्कळ पुढे जातो. पन्नी आधी आकसते, मग थेंब होऊन चिकटते, मग वास येतो, मग धूर. सोबतीला वंगण, धूळ आणि वाळलेलं गवत असेल तर अंगठ्याएवढी ज्वाळा. एवढीच आग. तिच्यावर धड चहासुद्धा होणार नाही. पण त्यासाठी बाराशे माणसांची गाडी शेतात उभी राहते.

धूर दिसला की गाडी थांबते हे मी फार सरळ करून सांगितलं. दिसलेला धूर गाडीचाच आहे हे आधी ठरावं लागतं, आणि भंडारा जिल्ह्यात ते सोपं नाही. इथे सगळंच धुरावर चालतं. तुमसरच्या बाजूला राइस मिलची धुराडी आहेत. धान निघाल्यावर बांधीत उरलेली तणस आणि धसकटं कोणी ना कोणी पेटवतंच. मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात; मोहाखालची आग कधी जंगलात शिरते ते वेचणाऱ्याला कळत नाही आणि वनखात्याला फार उशिरा कळतं. मेमध्ये तेंदूपत्त्याचा हंगाम. त्या पानांच्या बिड्या होतात आणि त्या बिड्यांचा धूर वर्षभर गाडीच्या दारात उभा राहून सोडला जातो, ‘धूम्रपान करू नये’ या पाटीच्या अगदी खाली, म्हणजे पाटी वाचून झाल्यावर.

त्यात हा कोळशाचा रस्ता. छत्तीसगडातून वीजकेंद्रांकडे जाणाऱ्या मालगाड्या रात्रंदिवस आमच्या जिल्ह्यातून जातात. कोळसा ही वस्तू अशी, की ती नुसती पडून राहिली तरी हवेतल्या ऑक्सिजननं आतून तापते आणि कधी कधी वाघिणीतच धुमसायला लागते. म्हणजे स्वतःहून पेटणारा माल वाजतगाजत पुढे जातो, आणि त्याला वाट द्यायला पॅसेंजर लूप लाइनवर उभी राहते. २०२२ च्या उन्हाळ्यात विजेचा तुटवडा पडला तेव्हा कोळशाला रस्ता मोकळा करून द्यायला देशभर कितीतरी प्रवासी गाड्या रद्द झाल्या आणि त्यांत आमच्या बाजूच्या पुष्कळ होत्या. ज्या विजेवर गाडी चालायची ती वीजच आणायला गाडी बंद ठेवली, हे त्या वेळी फलाटावर एका सद्गृहस्थांनी मला तीनदा समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांना स्वतःलाही पटलं नसावं.

सांगायचं ते हे, की इथल्या माणसाचं नाक फार तयार झालेलं आहे. डोळे मिटूनही तो सांगेल, हा तणसीचा, हा कोळशाचा, हा भट्टीचा. रेल्वेनंही ही विद्या ओळखलेली आहे. स्टेशनात न थांबता गाडी धडधडत जाते तेव्हा हिरवी झेंडी घेऊन उभा असलेला माणूस तुम्हाला टाटा करत नसतो. तो डब्यांखाली बघत असतो. आस तापलाय का, काही लोंबतंय का, धूर आहे का, जळका वास येतोय का. फाटकावरचा गेटमनही तेच करतो. पंचवीस हजार व्होल्ट, संगणकी सिग्नल, सगळं आलं. आणि शेवटी भरवसा कोणावर, तर चणे खात उभ्या असलेल्या एका माणसाच्या नाकपुड्यांवर. मला यात काही कमीपणा वाटत नाही. ते नाक कोणत्याही यंत्रापेक्षा स्वस्त आहे आणि त्याला पावसाळ्यात गंज चढत नाही.

यंत्राचं नाक काय करतं ते ऑगस्ट २०२३ मध्ये दिसलं. तिरुपती-सिकंदराबाद वंदे भारतमध्ये विनातिकीट शिरलेला एक इसम शौचालयात कडी लावून बसला आणि त्यानं तिथे धूम्रपान केलं. यंत्रानं वास घेतला, आगीचा इशारा वाजला, आग विझवणारी पूड आपोआप फवारली गेली, प्रवाशांची पळापळ झाली आणि गाडी आंध्रातल्या मनुबोलूजवळ थांबली. कर्मचाऱ्यांनी शौचालयाची काच फोडून पाहिलं तेव्हा आत आग नव्हती, हा इसम होता. तिकिटाचे पैसे वाचवायला निघालेल्या माणसानं सबंध देशात नाव कमावलं. डिसेंबर २०२२ पासून आमच्या जिल्ह्यातूनही नागपूर-बिलासपूर वंदे भारत जाते. तिच्या खिडक्या उघडत नाहीत. खर्रा खाणाऱ्यांच्या दृष्टीनं हे या गाडीचं सर्वांत मोठं वैगुण्य आहे.

पूर्वी हे सगळं उलट होतं, हे आता कोणाच्या ध्यानात नाही. नागपूरहून छत्तीसगडकडे रूळ पडले ते १८८० च्या दशकात, आधी मीटर गेजचे. मग १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेनं तो मार्ग घेतला आणि रुंद केला. वाफेचं इंजिन धुराड्यातून निखारे उडवत जायचं आणि रुळांकडेचं गवत, खळ्यावरचे ढीग पेटायचे. गाडी गावाला आग लावायची. इंग्लंडातही शेतकऱ्यांची हीच रड होती. शेवटी १९०५ मध्ये तिथल्या संसदेनं खास कायदा केला, की इंजिनाच्या ठिणगीनं पीक जळालं तर रेल्वे कंपनीनं शंभर पौंडांपर्यंत भरपाई द्यावी. आता वाफ गेली, ठिणग्या गेल्या, गाडी बिचारी विजेवर निमूट चालते. आणि गाव तिला आग लावतं. भरपाईचा कायदा मात्र कोणी उलटा करून घेतलेला नाही. केला तरी पन्नी कोणाची हे सिद्ध कसं करणार?

वरच्या बाजूलाही आमचे काही कार्यकर्ते आहेत. कावळ्याला घरट्यासाठी काड्यांपेक्षा तारेचे तुकडे आवडतात आणि जागा म्हणून रेल्वेचे खांब. त्यानं चोचीत धरलेली एक वितीची तार आणि पंचवीस हजार व्होल्ट यांची भेट झाली की सबंध सेक्शन अंधारात. संक्रांतीला पतंग अडकतात. वादळात ताडपत्री उडून तारेवर जाऊन बसते. मग वीज बंद करायची, टॉवर वॅगन आणायची आणि ती ताडपत्री सन्मानानं उतरवायची. मुंबईत तर रुळांमधला गाळ-कचरा उचलायला ‘मक स्पेशल’ नावाची वेगळी गाडीच सोडावी लागते. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला देशातली पहिली विजेची गाडी धावली, तेव्हा कचऱ्यालाही एक दिवस स्वतःची स्पेशल मिळेल असं कोणाला वाटलं नसेल. आम्ही अजून तेवढे मोठे झालेलो नाही. आमचा कचरा पॅसेंजरनंच जातो.

तर, मेमू, म्हणजे आमची विजेवरची पॅसेंजर, शेतात थांबते. पहिली दोन मिनिटं कोणी ढुंकून बघत नाही, कारण या मार्गावर गाडी थांबणं ही घटना नाही. मग दारातून आवाज येतो.

“काऊन थांबली जी?”

“धूर निंगून रायला ना डब्याखालून.”

“आपल्या का मागच्या?”

“मागच्या.”

“मंग ठीक आहे.”

पण तोवर मागच्या डब्यातले लोक आमच्या डब्यात आलेले असतात. लगेच तज्ज्ञांची बैठक बसते. रोज अप-डाऊन करणारे एक मास्तर ठामपणे म्हणतात, शॉर्ट सर्किट. बँकेतले भाऊ म्हणतात, मोटर गेली. त्यांच्या घरची पाण्याची मोटर मागच्याच आठवड्यात गेलेली असते. एक कॉलेजचा पोरगा मोबाइल बाहेर काढून धुराचा व्हिडिओ घेतो आणि धूर पुरेसा नाही म्हणून खट्टू होतो. शिंगाड्याची टोपली पायाशी घेऊन बसलेली मावशी तेवढी मान न उचलता म्हणते, “पन्नी जरून रायली. वास नाही येऊन रायला का तुमाले?”

कोणी तिच्याकडे लक्ष देत नाही. तिचं निदान स्वीकारलं तर चर्चा तिथेच संपते.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत असावं असं मला वाटतं आणि इथे मला थट्टा सुचत नाही. खाली उडी टाकायची नाही. २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात परधाड्याजवळ पुष्पक एक्स्प्रेस थांबली, आग लागल्याची अफवा उठली, माणसं घाबरून भलत्या बाजूला उतरली आणि शेजारच्या रुळावरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. आग लागलेलीच नव्हती. म्हणून आमच्या डब्यातल्या मास्तरांनी दारात आडवं उभं राहून पोरांना आत ढकललं, तेव्हा त्यांचं शॉर्ट सर्किटचं निदान मी माफ केलं.

यथावकाश मागून गार्डसाहेब येतात. त्यांना २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणायचं असतं, पण धूर निघत असताना एवढं लांब कोण म्हणणार! हातात आग विझवायचं नळकांडं. ते ओणवे होतात, बघतात, नळकांडं बाजूला ठेवतात आणि पळसाची एक काटकी मोडून घेतात. काटकीनं आत खरवडलं की एक काळा, चिकट, वाटाण्यापेक्षा थोडा मोठा गोळा बाहेर येतो. बाटलीभर पाणी ओतलं की आग संपली. ब्रेक सोडवायला दहा मिनिटं.

त्या गोळ्याकडे सगळा डबा खिडक्यांतून माना काढून बघतो. ओळख कोणीच देत नाही. इंग्लंडातलं वेफर्सचं पाकीट पकडलं गेलं तर त्यावर कंपनीचं नाव, पत्ता, बॅच नंबर आणि अर्धवट जळालेली तारीख तरी मिळते. खर्र्याच्या पन्नीवर काहीही छापलेलं नसतं. ना नाव, ना गाव, ना तारीख. मी गुन्हेगारीचा अभ्यासक असतो तर तिच्यावर एक प्रकरण लिहिलं असतं. गार्डसाहेब विचारतात, “कोणी फेकली जी ही?” डब्यात अशी शांतता पसरते की टोपलीत शिंगाडे सरकल्याचं ऐकू येतं. खिडकीतून कचरा टाकल्यास पाचशे रुपयांपर्यंत दंड, असा नियम २०१२ पासून आहे. पण दंड घ्यायला माणूस लागतो, आणि इथे नुसता गोळा.

“मागच्या गाडीतली असन,” कोणीतरी म्हणतं, आणि हे सगळ्यांना एकदम पटतं. मागच्या गाडीत बसलेले लोक कसे असतात हे आम्हाला चांगलं माहीत आहे. मागच्या गाडीत आम्हीच होतो.

गाडी सुटते. आग विझली, पण बातमी नुकतीच पेटलेली असते आणि तिच्या पुढच्या प्रवासाला आमच्या जिल्ह्याचा भूगोल फार अनुकूल आहे. भंडारा रोड हे स्टेशन भंडाऱ्यात नाही. ते वरठीला आहे आणि तिथून शहर दहाएक किलोमीटर. एवढं अंतर बातमीला वाढायला मिळतं. वरठीच्या फलाटावर जे ‘थोडा धूर’ असतं, ते ऑटोत बसताना ‘आग’ होतं. ऑटोत दहा माणसं कोंबलेली असतात आणि प्रत्येकजण आपली भर घालतो. गांधी चौकात उतरेपर्यंत एक डबा गेलेला असतो. मास्तरांना तर तो डबा जाळणं भागच आहे. ‘पन्नी अडकली म्हणून उशीर झाला’ असं मुख्याध्यापकांना सांगितलं तर लेट मार्क लागतो. डबा जळाला म्हटलं तर पाणी मिळतं, खुर्ची मिळते आणि पहिला तास दुसरं कोणी तरी घेतं.

तुमसरची आग नेहमी भंडाऱ्याच्या आगीपेक्षा लहान असते, हे माझं बरेच दिवसांचं निरीक्षण आहे. कारण सोपं आहे. तुमसर रोड स्टेशन देव्हाडीला आहे आणि तिथून तुमसर चार-पाच किलोमीटरच. तेवढ्या वेळात फार तर सीटा जळतात. याउलट पवनीकडे बातमी एसटीनं जाते, त्यामुळे पवनीत इंजिनही वाचत नाही. लाखांदूर तर जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला. तिथल्या माझ्या मावसभावाचा संध्याकाळी हमखास फोन येतो.

“दादा, सुखरूप आहेस ना?”

“अरे, काही झालं नाही. खर्र्याची पन्नी होती.”

तो थोडा वेळ गप्प राहतो. त्याला माझी कीव आली असावी.

“हे पाय दादा, बाहेर कोणाले सांगू नको पन्नी होती म्हणून. भरपाईचा फॉर्म निंगनच. त्याच्यात लिव, दोन पोते चिन्नोर तांदूळ होते गाडीत. एक माह्या नावानं टाक.”